वारशात आलेलं पिलर ड्रिल सुरू करताय? आधी या चुका टाळा

आजोबांचं किंवा काकांचं बंद पडलेलं पिलर ड्रिल, म्हणजे उभ्या खांबावर बसवलेलं भोकं पाडायचं मशीन, घरी आलं की पहिला हात वायर ब्रशकडे जातो. नुकसान तिथूनच सुरू होतं. ज्यांनी ते वापरलं ते विचारायला उरलेले नसतात. त्यांनी काय बदललं, कुठे काय बसवलं, हे आता मशीनकडे पाहूनच कळणार आहे. म्हणून आधी नीट बघा, मग उघडा आणि रंगरंगोटी अगदी शेवटी करा.

नागपुरात महाल भागातल्या घरी आजोबांचं जे मशीन होतं, त्याच्या टेबलाच्या सांध्यात खालच्या बाजूला डब्याच्या पत्र्याचा घडी केलेला तुकडा होता. दिसायला कचराच. चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्यात, काटकोनात वाकवलेली सळई पकडली, स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, हाताने फिरवला आणि सळईचं टोक टेबलापासून चारही बाजूंना किती उंच राहतं ते पाहिलं. सगळीकडे सारखंच! टेबल पुढच्या बाजूला झुकत होतं, म्हणून सांध्याच्या खालच्या फटीत तो पत्रा घालून आजोबांनी ते काटकोनात आणलं होतं. तो फेकला असता तर प्रत्येक भोक तिरकं पडलं असतं. असे पत्रे, कागदाच्या घड्या, विजोड वायसर दिसले की फोटो काढा, पाकिटात घाला, पाकिटावर जागा लिहा. घाईने कुणी "जुगाड आहे, काढून टाक" म्हणालं तर ऐकू नका.

उघडण्याआधी बेल्ट काढून स्पिंडल हाताने फिरवा. खरखर लागली तर बहुधा बेअरिंग. मग क्विल, म्हणजे खाली-वर होणारी नळी, पूर्ण खाली आणा आणि चक धरून आडवं हलवा. नळीच्या आत फक्त स्पिंडल हलतोय की नळीच मशीनच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) डोक्यात खडखडतेय, ते बोटाने चाचपून बघा. पहिल्या प्रकारात नवीन बेअरिंगने काम होतं. दुसऱ्या प्रकारात कितीही बेअरिंगं बदला, खेळ (ढिलेपणा) तसाच राहणार. काही जुन्या मशीनच्या डोक्याला चीर आणि आवळायचा बोल्ट असतो, त्याने थोडा खेळ कमी करता येतो. नसेल तर हिंगणा एमआयडीसीतल्या चांगल्या टर्नरकडे डोकं नेऊन बुश, म्हणजे आतून अस्तरासारखी नळी, बसवून घ्यावा लागतो. हा फरक न ओळखता लोक पैसे घालवतात.

खोलताना होणारे अपघात

हँडलच्या विरुद्ध बाजूला जी गोल डबी असते तिच्यात क्विल वर ओढणारी चपटी स्प्रिंग गुंडाळलेली असते, तीही ताणलेली. नट काढून डबी थेट ओढली तर हाताची कातडी सोलून निघते. जाड कापडात डबी घट्ट धरून तिला सावकाश उलटं फिरू द्या, सगळा ताण उतरला की मगच काढा. कोणत्या खाचेत होती त्याची खूण आधी करून ठेवा. डोकं खांबावरून सैल करण्याआधी त्याखाली लाकडाचा ठोकळा लावा. बिडाचं डोकं वाटतं त्याहून जड असतं, एकट्याने पेलायच्या फंदात पडू नका.

चक काढताना वरून हातोडा मारणं ही सगळ्यात महागाची चूक. मोर्स टेपरचं स्पिंडल असेल, म्हणजे चक निमुळत्या भोकात नुसत्या घट्ट बसण्याने धरला जात असेल, तर क्विलला आरपार खाच असते, आत स्पिंडललाही तशीच. स्पिंडल फिरवत राहा, दोन्ही खाचा जुळल्या की आरपार उजेड दिसतो. त्यात ड्रिफ्ट, म्हणजे चपटी पाचर, घाला, त्याची गोल कड वर, सपाट कड खाली, आणि बेताचा ठोका द्या. खाली टेबलावर लाकूड ठेवलेलं असू द्या.

बोल्टांच्या बाबतीतही घाई नको. भारतात मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं वर्कशॉपमध्ये सुताचीच मापं चालली. अडीच सुताच्या, म्हणजे 5/16 इंचाच्या व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश आट्यांच्या) भोकात एम8 बोल्ट एक-दोन आटे जातो आणि अडतो. व्हिटवर्थचे इंचाला 18 आटे, एम8 चे 20 पेक्षा थोडे जास्त. पाना लावून जोर केला की बिडातले आटे उडाले समजा. जुना बोल्टच इतवारीतल्या हार्डवेअरवाल्यासमोर ठेवा आणि तसाच मागा.

गंज आणि नागपूरचा कूलर

बाथरूम धुवायचं ॲसिड गंजावर ओतू नका. गंज जातो, पण त्याच्या वाफेने खोलीतलं उरलेलं सगळं लोखंड, पाने, व्हाइस, ड्रिल बिटं, दोन दिवसांत लाल होतं. हलक्या गंजाला रॉकेल किंवा पातळ तेल आणि भांड्यांची घासणी पुरते. सुटे, घट्ट गंजलेले भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून साफ करता येतात, मात्र मोकळ्या हवेत. दुसऱ्या टोकाला साधं लोखंडच लावा, स्टेनलेस स्टील लावलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. टेबलावर अँगल ग्राइंडर अजिबात चालवू नका, सपाटी एकदा गेली की ती मशीनिंग केल्याशिवाय परत येत नाही.

आणि आपल्याकडची खास गोष्ट: एप्रिल-मेमध्ये ज्या खोलीत कूलर चालतो तिथे मशीन ठेवू नका. बाहेर 45 अंशांची कोरडी हवा असते, पण कूलरच्या तोंडासमोरचं बीड रात्रभर दमट हवेत भिजतं. घासून उघडं केलेलं टेबल आणि खांब यांना तेलाचा पातळ हात द्या, पावसाळ्यात तो पुन्हा-पुन्हा द्यावा लागेल.

रंगाबद्दल थोडंच सांगतो. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. कोरडा घासू नका, पाण्याचा पॉलिश पेपर वापरा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. खांब, टेबलाचा माथा, क्विल यांना रंग लागता कामा नये. कंपनीची पितळी पाटी वायर ब्रशने घासली की अक्षरं जातात. खंडेनवमीच्या हळदकुंकवाचे डाग राहिले असतील तर ते पुसायची मला तरी काही गरज वाटत नाही.

बेअरिंग आणि मोटर

जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून घ्या. 6203 असेल तर आतलं भोक 17, बाहेरचा व्यास 40, जाडी 12 मिलिमीटर. स्वस्तात मिळालं तर ते नकली असू शकतं, म्हणून ओळखीच्या दुकानातूनच घ्या. शाफ्टवर बसवताना जोर आतल्या रिंगवर द्यायचा, बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर गोळ्यांचे व्रण रिंगेत उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करतं. उघड्या बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरू नका, एक-तृतीयांश जागा पुरे.

वर्षानुवर्षं बंद असलेली मोटर थेट प्लगमध्ये लावू नका. आतली वायर कापडाची किंवा रबराची असेल तर ती बोटांत भुकटी होते. मोटर भरणाऱ्याकडून 500 व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासून घ्या. 1 मेगओहमच्या खाली रीडिंग आलं तर आधी वाळवा, मगच पुढचं बघा. पाटीवर 415 व्होल्ट लिहिलं असेल तर ती थ्री फेजची आहे. घरच्या 230 व्होल्टवर कपॅसिटर लटकवून ती चालवायचा सल्ला बरेच जण देतात, पण तशी चालवली तर ताकद कमी पडते आणि ती तापते. त्यापेक्षा चांगली सिंगल फेज मोटर बसवा, जुनी जपून ठेवा. दोन पिनांचा प्लग काढून अर्थिंग द्याच, आणि लाइनवर 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असू द्या.

जोडल्यावर काही बिघडलं तर

चक कामात मधेच सुटून पडतंय? टेपरमध्ये तेल किंवा बारीक बुरा असतो. स्वच्छ कापडाने कोरडा पुसा, पॉलिश पेपर फिरवू नका. बेल्ट घसरतोय आणि पुलीच्या खाचेचा तळ चमकतोय? व्ही-बेल्टची पकड दोन्ही बाजूंना असते. तळाला टेकला म्हणजे बेल्ट किंवा पुली झिजली, ताण वाढवून उपयोग नाही, उलट बेअरिंग जाईल. बिट जळतंय? वेग जास्त आहे. माइल्ड स्टीलवर 10 मिलिमीटरच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटाला 800 च्या आसपास आरपीएम योग्य, 20 मिलिमीटरला 400.

पहिल्यांदा चालवताना हातमोजे नकोत, मनगटातला गंडा-दोरा काढून ठेवा आणि चकची किल्ली चकमध्ये राहिली नाही ना ते बघा. सगळ्यात कमी वेगावर, बिट न लावता, वीस-पंचवीस मिनिटं फिरू द्या. मधूनमधून मशीन बंद करून बेअरिंगच्या जागेवर हात ठेवा. कोमट लागलं तर ठीक. हात टिकत नसेल तर आधी बेल्टचा ताण कमी करा, आणि तरीही तापलं तर बेअरिंग उघडून जास्तीचं ग्रीस काढा.