छोटी गाडी बघायला दुपारी दोनला जा: जळगावकरांसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी शोरूमला फोन करून टेस्ट ड्राइव्हची वेळ दुपारी दोनची मागा. ते सकाळी साडेदहाला बोलावतात, तेव्हा रस्ता मोकळा आणि गाडी गार असते. आमची पहिली गाडी आम्ही जानेवारीतल्या अशाच एका सकाळी पसंत केली. मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला घ्यायला चोपड्याला गेलो. पारा पंचेचाळीसला टेकलेला. येताना मागच्या सीटवर भाची घामानं चिंब होऊन रडत होती आणि पुढे बसलेल्या मला एसी छान लागत होता. ते रडणं अजून कानात आहे.

म्हणून आता गाडी अर्धा तास काचा बंद करून उन्हात उभी ठेवायला सांगायची. नंतर चौघांनी बसायचं, चालवणाऱ्यानं निदान दहा मिनिटं मागे बसायचं. अजिंठा चौफुलीच्या सिग्नलला गाडी थांबली की हात एसीच्या जाळीसमोर धरा. इंजिन नुसतं चालू असताना हवा कोमट व्हायला लागली तर मे महिन्यात ती गाडी पुरणार नाही. मागे वेगळी जाळी आहे का, तेही बघा. ग्रँड आय10 निऑसमध्ये ती मिळते, अल्टो के10 मध्ये नाही.

सोबत आईला न्या. माझ्या आईचे गुडघे दुखतात. कमी उंचीच्या गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “बेटा, बसाले जमस, उतराले जमत नही.” एका हातानं दाराची कड आणि दुसऱ्यानं माझा खांदा धरून ती उठली, तेव्हाच ती गाडी यादीतून गेली. अल्टो के10 ची उंची 1520 मिलिमीटर, वॅगनआरची 1675. कागदावर हा फरक वीतभरही नाही, पण गुडघ्यांना तो लगेच कळतो. घरात वयस्कर माणूस असेल तर माझ्या मते मायलेजच्या आधी हे बघावं.

घरून निघताना गल्लीची आणि फाटकाची रुंदी टेपनं मोजून घ्या. कंपनीच्या आकड्यात आरसे धरलेले नसतात. अल्टो 3530 मिलिमीटर लांब, स्विफ्ट 3860. हा फूटभराचा फरक दाणा बाजारात गाडी लावताना जाणवतो. शिवाजीनगरच्या पुलाच्या चढावर मुद्दाम थांबून पुन्हा निघून बघा. ऑटोमॅटिक म्हणून जी एएमटी (साध्याच गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर आपोआप चालवणारी यंत्रणा) विकतात ती गर्दीत डाव्या पायाला आराम देते, पण चढावर मागे घसरते का आणि गिअर बदलताना किती झटका देते, हे स्वतः अनुभवा.

डिकीत घरची मोठी बॅग ठेवून बघा. वॅगनआरची 341 लिटरची, अल्टोची 214 ची. सीएनजी घ्यायचा विचार असेल तर टाकी बसवलेलीच गाडी उघडायला लावा, पेट्रोलची डिकी बघून ठरवू नका.

सुरक्षेचे तारे विचाराल तेव्हा चाचणीचं वर्षही विचारा. टियागोला ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेचे 4 तारे 2020 मध्ये मिळाले. 2022 पासून त्या चाचणीचे नियम कडक झाले, त्यामुळे जुने आणि नवे तारे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

कोटेशन लेखी घ्या, एक्स-शोरूम, आरटीओ, विमा आणि अ‍ॅक्सेसरीज वेगवेगळ्या ओळींत. 4 मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 18 टक्के आहे, आधी सेससह 29 होता. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा मात्र लागतोच. बाहेरून दर काढून खिशात ठेवा, आकडे लगेच खाली येतात.

पैसे पूर्ण भरण्याआधी यार्डात जाऊन तुमच्या नावावर येणारी गाडी दिवसाउजेडी बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात: 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा. स्टेपनीसकट पाचही टायर वाचा आणि फोटो काढून ठेवा.