थायोडिकार्ब फवारताना या चुका टाळा

कापसाच्या पऱ्हाटीत डोमकळ्या (गुलाबी बोंडअळीनं आतून गुंडाळलेली, न उमललेली फुलं) दिसल्या की गावोगाव थायोडिकार्ब या कीटकनाशकाच्या पुड्या येतात, अन् दरसाल त्याच चुका होतात. सगळ्यात वाईट म्हणजे चोंदलेलं नोझल तोंडानं फुंकणं.

हे औषध भुकटीत येतं, त्यात ७५ टक्के थायोडिकार्ब. ते पाण्यात विरघळत नाही, पंप थांबला की तळाशी बसतं. घाईचा माणूस पुडी फाडून सरळ पंपात रिकामी करतो. दोन ओळी होत नाहीत तोच नोझल बंद! माझ्या चुलत भावानं तेच केलं. पहिल्यांदा फुंकलं तेव्हा मी ओरडलो, दुसऱ्यांदा मी पलीकडच्या धुऱ्यावर होतो. पाऊण तासात तो खाली बसला. तोंडातून लाळ, दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. कोणी म्हणे दूध पाजा, कोणी म्हणे लिंबू. मी त्याचे कपडे काढले, अंग साबणानं धुतलं आणि रिकामी पुडी पन्नीत घेऊन गाडीवर दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पुडी वाचली, कार्बामेट गटातलं, नसांवर मारा करणारं विष आहे म्हणाले आणि त्यावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, सुरू केलं. दुसऱ्या दिवशी तो उठून बसला. कार्बामेटचा असर लवकर उतरतो म्हणून ते सौम्य समजू नका; थायोडिकार्ब फुटलं की त्यातून मिथोमिल हे जहाल विष तयार होतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, हे आपण इतक्या लवकर कसं विसरलो?

मी बादलीत आधी थोडं पाणी घेतो, पिठल्याचं बेसन कालवावं तशी काडीनं गुठळी मोडतो आणि कापडानं गाळून पंपात टाकतो. खिशात जुना टूथब्रश आणि एक जास्तीचं नोझल असतंच.

दुसरी चूक उशिराची. हे मुख्यतः पोटातून मारणारं विष; अळी बोंडात शिरली की तिच्यापर्यंत पोचत नाही. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा २० हिरव्या बोंडांपैकी दोनांत जिवंत अळी निघाली, की फवारा. मात्रा १० लिटरला २० ग्रॅम. शेजाऱ्यानं फवारलं म्हणून आपणही फवारायचं, याला शेती म्हणत नाहीत.

खारपाणपट्ट्यातलं खारं-अल्कधर्मी पाणी वापरू नका, त्यात हे औषध लवकर फुटतं. कालवलेलं त्याच दिवशी संपवा. चार औषधं एकत्र करू नका. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली असेल तर वाऱ्याला पाठ देऊनच चाला, आणि मजुराला मास्क-हातमोजे दिल्याशिवाय पंप देऊ नका.