कॉइल ट्रेलरवर चढण्याआधी

क्रेनने कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याची जड गुंडाळी, उचलायच्या आत निम्मं काम संपलेलं असलं पाहिजे. एकदा 20 टन बसले की खालचा वासा सरळ करता येत नाही. म्हणून पहिली तयारी रिकाम्या ट्रेलरची. तळ झाडून घ्या. लाल माती, ऑइलचे डाग, रात्रीच्या पावसाचं पाणी, काहीही ठेवू नका. लोखंडावर लोखंड, त्यात ओलं, म्हणजे ते घसरणारच. मधे रबराची मॅट घाला, आणि तीही कोरडी.

"भारी माल आहे, जागचा हलणार नाही" हे वाक्य यार्डात रोज कानावर येतं आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. करकचून ब्रेक लागला तर माल त्याच्या वजनाच्या 80 टक्के जोराने पुढे रेटेल, वळणावर बाजूला आणि गाडी झटका देऊन उचलली तर मागे 50 टक्के, असं धरूनच बांधायचं. म्हणजे 20 टनांच्या कॉइलला पुढे 16 टन, बाकी बाजूंना 10. आपण गोव्यातल्या फोंड्याहून बेळगावकडे निघालो की मोलेनंतर अनमोड घाटाचा चढ लागतो. तिथे माल केबिनकडे नाही, मागे ओढ घेतो. पुढची पाचर सगळे ठोकतात, मागची राहते.

कॉइलचं भोक बाजूला ठेवून बसवणार असाल तर दोन जाड वासे आडवे टाका आणि ते फाकू नयेत म्हणून दोघांच्याही बाहेरून पाचरी ठोका. चिरलेला वासा बाजूला काढा, तो "एवढ्या खेपेपुरता" चालवू नका. कॉइल त्या बेचक्यात बसली पाहिजे, तिचं पोट तळाला टेकता कामा नये. वाकून बघा. खालून वर्तमानपत्राचा कागद आरपार सरकला तर बैठक बरोबर.

मग साखळ्या. प्रत्येक कडी हातमोजा घालून बोटांखालून जाऊ द्या. ताणून लांबलेली, झिजलेली, वेल्डिंग केलेली किंवा नट-बोल्टने जोडलेली कडी दिसली की ती साखळी बाद. ग्रेड 8 ची 10 मिमी साखळी 6.3 टनांची ओढ सोसते, 8 मिमीची 4 टन. गाठ मारलेल्या साखळीचा हिशेबच धरू नका. भोकातून काही साखळ्या पुढे ओढणाऱ्या, तेवढ्याच मागे ओढणाऱ्या, आणि कॉइलच्या कडेवर रबराचा कोपरा. बाइंडरच्या, म्हणजे साखळी ताणायच्या कळीच्या, दांड्याला पाइप लावून कोणी जोर काढत असेल तर त्याला थांबवा. तो दांडा उलटा फिरला की माणसाचा जबडा मोडतो.

कॉइलऐवजी टीएमटी, म्हणजे बांधकामाच्या सळया, असतील तर वजन आधी काढा: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला इतके किलो. सळई मागे डोकावू देऊ नका. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीपासून त्याला 20,000 रुपये दंड आहे, जादा वजनाला 20,000 आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. पण दंडापेक्षा मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याचा विचार करा. बंडलला साखळीचा एक पूर्ण वेढा घालून मगच ती खाली ओढा. नुसती वरून टाकलेली साखळी मधल्या सळया धरत नाही.

बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालपावती), ई-वे बिल (जीएसटीचं माल वाहतुकीचं बिल), वजनकाट्याची पावती केबिनमध्ये. घाट जड गाड्यांना खुला आहे का ते निघायच्या दिवशीच विचारा. बेळगावला जाणाऱ्या दुसऱ्या, चोर्ला घाटाचा विचार जड मालासाठी नकोच.

निघण्यापूर्वी खडूने एक रेघ मारा, अर्धी कॉइलवर, अर्धी वाशावर. पहिल्या 20 किलोमीटरांत थांबून ती बघा, कारण माल बसला की साखळ्या ढिल्या पडतात. एका पावसाळ्यात घाईघाईत ओल्या वाशांवर आम्ही कॉइल बसवली होती. धारबांदोड्याला उतरून पाहिलं तर रेघेचे दोन तुकडे चार बोटं लांब गेले होते. ड्रायव्हरमामा काही बोलले नाहीत, नुसते त्या रेघेकडे बघत राहिले. घाट पुढेच होता. तिथेच क्रेन मागवली, मालकाची बोलणी खाल्ली आणि कोरड्या वाशांवर कॉइल पुन्हा बसवली.

उतरवतानाही तेवढंच लक्ष हवं. क्रेनच्या हुकाने भार घेतल्याशिवाय शेवटची साखळी सोडू नका, आणि सोडणारा माणूस कॉइल गडगडेल त्या बाजूला उभा नको.