१९६७ ची कॉर्व्हेट: पंचांपुढे नेण्याआधी इंजिन असं तपासा

जुन्या मोटारींच्या स्पर्धेत पंच गाडी मूळ रूपात आहे का ते पाहतात. त्यामुळे कॉर्व्हेट या शेवरले स्पोर्ट्स कारमध्ये बदललेलं इंजिन नुसतं '३२७' (३२७ घनइंची) असून भागत नाही, तारखाही गाडीशी जुळाव्या लागतात. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव भागाच्या मागे, बेलहाउसिंग (गिअरबॉक्सकडचं आवरण) जोडतात त्या कडेवर ओतकामाची तारीख असते: 'सी १५ ७' म्हणजे १५ मार्च १९६७. मग उजव्या सिलिंडर हेडपुढचा सपाट पट्टा रॉकेलने पुसा. तारेचा ब्रश मुळीच नको. तिथे ठोकलेलं 'व्ही०३२०एचई' इंजिनच्या जुळणीबद्दल सांगतं: फ्लिंट कारखाना, २० मार्च, ३०० अश्वशक्ती, मॅन्युअल गिअर. आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी, हाच क्रम हवा.

पट्ट्यावर ब्रोचिंगच्या (कारखान्यात पृष्ठभाग सपाट कापण्याच्या) बारीक समांतर रेघाही दिसायला हव्यात. हा पट्टा ब्लॉकच्या माथ्याचाच, म्हणजे हेड बसतं त्या पृष्ठभागाचाच भाग असतो; माथा मशिनवर घासला की त्या जातात, आणि नंतर ठोकलेले आकडे इथेच पकडले जातात. म्हणून गरज नसेल तर माथा घासूच नका. जुळता ब्लॉक मिळालाच नाही, तर गुण गेले तरी चालतील, पण खोटे आकडे ठोकू नका.