कणा कुठून आला? चाकोरीबाहेरचे सिद्धांत वाचताना या चुका टाळा

विज्ञान दिन जवळ आला की पुण्यातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राची मुलं भित्तिपत्रकं आणि सेमिनारच्या मागे लागतात. खंड असलेले, म्हणजे एकामागे एक सारख्या भागांनी शरीर बनलेले प्राणी आणि पृष्ठवंशीय (कणा असलेले) कसे उगम पावले, यावरचे विक्षिप्त वाटणारे सिद्धांत कुणी ना कुणी निवडतंच. निवडावेतच. पण बहुतेक वेळा सिद्धांत अख्खा स्वीकारला जातो किंवा अख्खा फेटाळला जातो. त्यातला एकेक दावा सुटा करून तपासायचं राहून जातं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

कडी दिसली की खंड समजणं

पावसाळ्यात वेताळ टेकडीवर वाणी किडे (मिलिपीड) भरपूर दिसतात. एखादा काडीवर चढू द्या, हातात घेऊ नका, कारण तो त्रासदायक द्राव सोडतो. आता नीट पाहा. पुढची मोजकी कडी सोडली तर प्रत्येक कड्याला पायांच्या दोन जोड्या आहेत. गोमेला एका खंडाला एकच जोडी असते. वाण्याचं एक कडं म्हणजे दोन खंड जुळून झालेलं असतं, म्हणून हा फरक. जळूचं उलट आहे: बाहेर वलयं खूप, आतले खंड त्याहून बरेच कमी. पट्टकृमीचे तुकडे मानेपाशी नव्याने तयार होतात आणि मागे ढकलले जातात, तो प्रकारच निराळा. तेव्हा आकृतीत नुसत्या रेघा पाहून तुलना करू नका. आत काय पुन्हा पुन्हा येतं ते पाहा: स्नायू, चेतागंडिका (चेतापेशींच्या गाठी), उत्सर्जनाच्या नलिका.

खंडांवरून थेट नातं जोडणं

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने गांडुळासारखे वलयी आणि कीटकांसारखे संधिपाद प्राणी ‘आर्टिक्युलाटा’ या एकाच गटात घातले होते. ही मांडणी फार काळ टिकली. पेरीपॅटस या मखमली कृमीला या दोन संघांमधला दुवा म्हणून शिकवतात, त्यामागेही हाच विचार आहे. १९९७ साली अग्विनाल्डो आणि सहकाऱ्यांनी रायबोसोमच्या आरएनए जनुकांची तुलना केली, तेव्हा संधिपाद प्राणी कात टाकणाऱ्या गोलकृमींच्या शेजारी जाऊन बसले. गांडूळ मात्र गोगलगायी आणि शिंपल्यांच्या बाजूला राहिलं. नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी ही विभागणी पक्की केली.

म्हणजे खंड एकाच पूर्वजात आले आणि अनेक शाखांनी ते गमावले, किंवा ते वलयी, संधिपाद आणि आपण अशा तिन्ही ठिकाणी वेगवेगळे घडले. इथे मुलं पटकन जनुकांकडे धावतात. कोंबडीच्या गर्भात साधारण दर ९० मिनिटांनी सोमाइटची (पुढे मणके आणि स्नायू घडवणाऱ्या ऊतींच्या ठोकळ्यांची) एक जोडी तयार होते आणि त्या लयीत ‘नॉच’ संदेशमार्गाची जनुकं चालू-बंद होतात. कोळी आणि झुरळाच्या खंडीभवनातही नॉच लागतो. मग वारसा एकच म्हणायचा का? एवढ्यावरून नाही. नॉच शरीरात इतर असंख्य ठिकाणीही काम करतो, त्यामुळे तो खंडांच्या कामाला स्वतंत्रपणे दोनदा जुंपला गेला असणंही शक्य आहे. फळमाशीत तर बहुतेक खंडांची आखणी जवळजवळ एकदमच होते. हा वाद मिटलेला नाही, आणि भित्तिपत्रकावर तसंच लिहावं.

‘उलटा शेवंड’ पूर्ण खरा किंवा पूर्ण खोटा मानणं

१८२२ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रुआ सँतिलेरने शेवंडासारख्या प्राण्याला पाठीवर उलटं कल्पून दाखवलं की चेतारज्जू (चेतासंस्थेची मुख्य दोरी) वर आणि हृदय खाली, म्हणजे आपल्यासारखीच रचना मिळते. क्युव्हिएशी त्याचा १८३० मधला पॅरिसचा वाद गाजला, आणि त्याची कल्पना दीर्घकाळ बाजूला पडली. १९९० च्या दशकात मात्र तिला अनपेक्षित आधार मिळाला. फळमाशीत ‘डीपीपी’ प्रथिन पाठीकडे काम करतं आणि ‘सॉग’ पोटाकडे. बेडकात त्यांची जोडीदार प्रथिनं ‘बीएमपी-४’ आणि ‘कॉर्डिन’ नेमकी उलट बाजूंना. माशीचा सॉग बेडकाच्या गर्भात घातला तरी तो पाठीकडच्या ऊती घडवतो. मला हा प्रयोग विलक्षण सुंदर वाटतो.

पण यातून सिद्ध काय होतं? आपला पूर्वज शेवंड होता हे नाही. पाठ-पोट ठरवणारी यंत्रणा फार जुनी आणि सामाईक आहे, आणि समपृष्ठरज्जूंच्या (आपला, म्हणजे पृष्ठवंशीयांचा समावेश असलेल्या संघाच्या) वाटेवर कुठेतरी तिची दिशा उलटली, इतकंच. आपले दूरचे नातेवाईक असलेल्या अॅकॉर्न कृमींत बीएमपी माशीसारखंच पाठीकडे असतं, पण ते चेतासंस्थेची जागा ठरवत नाही. त्यामुळे अक्ष उलटणं आणि चेतारज्जू एकवटणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सेमिनारमध्ये ते एकाच वाक्यात बसवू नका.

मांडणाऱ्याच्या नावावर जाणं

गॅस्केल केंब्रिजचा नावाजलेला शरीरक्रियाशास्त्रज्ञ. १९०८ मध्ये त्याने मांडलं की पृष्ठवंशीय संधिपादांसारख्या पूर्वजापासून आले, जुनं अन्ननलिकेचं पोकळ नळकांडं मेंदूच्या पोकळ्या बनलं आणि आतडं नव्याने तयार झालं. प्राणी उलटा न करता चेतारज्जू वर आणण्याची ही युक्ती होती. ती गर्भात मोडते: चेतानलिका गर्भाच्या बाहेरच्या थरातून (बाह्यस्तरातून) वळते, आतड्याचं अस्तर आतल्या थरातून (अंतःस्तरातून) येतं, म्हणजे एकातून दुसरं झालेलं दिसत नाही.

प्राणिशास्त्रज्ञ विल्यमसनचा २००९ चा दावाही असाच वाचावा. सुरवंट हे मखमली कृमींशी झालेल्या संकरातून कीटकांत आले, असा तो लेख पीएनएएस नियतकालिकात जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांच्यामार्फत छापून आला. त्याच वर्षी हार्ट आणि ग्रोसबर्ग यांनी उपलब्ध जनुकीय माहितीवरून तो खोडला. मायटोकाँड्रिया मुळात स्वतंत्र जिवाणू होते, हे मार्ग्युलिस यांचं म्हणणं आधी नाकारलं गेलं आणि पुढे खरं ठरलं, हे सुरवंटांच्या बाजूने पुरावा म्हणून देऊ नका. तो पुरावा मायटोकाँड्रियाचा आहे.

जुनी वंशवृक्षाची आकृती उचलणं

अॅम्फिऑक्सस या माशासारख्या दिसणाऱ्या, कणा नसलेल्या लहान सागरी प्राण्याला पृष्ठवंशीयांचा सर्वांत जवळचा भाऊ दाखवणारी आकृती अजून सर्रास मिळते. २००६ पासूनच्या जनुकीय तुलनांत तो मान हर्डमानिया या पिशवीसारख्या सागरी प्राण्याच्या गटाकडे गेला आहे. हर्डमानियाच्या प्रौढ शरीरात खंड नाहीत, अॅम्फिऑक्ससला आहेत. म्हणजे जवळच्या नातेवाइकात एखादी गोष्ट नसली, तरी पूर्वजात ती नव्हतीच असं धरता येत नाही.

तोंड विसरणं

वलयी कृमीतून पृष्ठवंशीय आले असं १८७५ मध्ये मांडणाऱ्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञ डोह्र्नला तोंडाचा प्रश्न चुकला नव्हता. गांडुळाच्या घशाभोवती चेतावलय असतं. प्राणी उलटा केला तर तोंडही डोक्याच्या वरच्या बाजूला जायला हवं. म्हणून त्याला म्हणावं लागलं की आपलं तोंड नवं आहे, कल्ल्यांच्या फटी जुळून झालेलं. अॅम्फिऑक्ससच्या अळीचं तोंड तर शरीराच्या डाव्या बाजूला उघडतं. उलटण्याचा कुठलाही सिद्धांत मांडताना आकृतीत तोंड कुठे आहे ते आधी काढा. परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असेल.