माहिती अधिकार आणि कंपनीची गुपितं : या चुका टाळा

ठाण्यात मी लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतो. दर महिन्याला कुणीतरी तेच उत्तर घेऊन येतं: 'व्यापारी गुपित असल्याने कलम ८(१)(घ) नुसार माहिती देता येत नाही.' अर्ज बघावा, तर त्यात एकच ओळ: 'सदर कामाची संपूर्ण फाईल मिळावी.'

सगळ्यात मोठी चूक हीच. संपूर्ण फाईलमध्ये ठेकेदाराचा ताळेबंद, बँकेचे कागद, सगळंच असतं. त्यातले चार कागद खरोखर झाकण्यासारखे असतात आणि त्यांच्या आड उरलेले दोनशेही झाकले जातात. मीही हे केलंय. घोडबंदर रोडलगतच्या एका गल्लीत पेव्हर ब्लॉक पहिल्याच पावसात खचले. मी रागाच्या भरात संपूर्ण फाईल मागितली. नकार आला, अपील केलं, तेही फेटाळलं. मग नव्या अर्जात चारच गोष्टी मागितल्या: कार्यादेश, मंजूर दर, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या वहीची) पानं, अंतिम बिल. महिन्याभरात मिळाल्या. मोजमाप पुस्तिकेतली लांबी गल्लीपेक्षा जास्त होती! पण तोवर दोषदायित्व कालावधी संपला होता, ठेकेदाराकडून फुकट दुरुस्ती करून घेता आली असती ती वेळ गेली. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून त्याच खड्ड्यांतून चालावं लागतं.

तेव्हापासून मी आधी फाईलची पाहणी मागतो. तो हक्क कलम २(ञ) मध्येच आहे. वहीत पानांचे क्रमांक टिपतो आणि तेवढ्याच प्रती मागतो. अर्जात कलम १० लिहितोच: गोपनीय भाग वगळून उरलेलं द्या. नवखे म्हणतात, पाहणीत एक दिवस जातो. जाऊ द्या. अपिलात महिने जातात.

व्हॉट्सअॅपवर फिरणारा तयार अर्ज उतरवू नका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्द. 'का केलं?' विचारू नका, कागद मागा. प्रथम अपिलाची ३० दिवसांची मुदत चुकवू नका.

आता तुर्भे-महापेकडच्या कारखानदारांसाठी. सरकारी कार्यालयात कागद देताना प्रत्येक पानावर 'गोपनीय' शिक्का मारणं हा आळस आहे. पत्त्याच्या पानावरही तोच शिक्का दिसला, की खऱ्या गुपिताच्या पानावरच्या शिक्क्यालाही वजन राहत नाही. रसायनाचं प्रमाण, प्रक्रियेचा आराखडा, ग्राहकांची यादी, एवढंच वेगळ्या जोडपत्रात द्या आणि ते उघड झाल्यास स्पर्धेत नेमकं काय नुकसान होईल ते दोन ओळींत लिहा. सांडपाण्याचे आकडे त्यात घुसवू नका. ते शेजारच्या वस्तीच्या श्वासाशी जोडलेले आहेत, आणि व्यापक जनहित असेल तर अधिकारी तुमचा विरोध बाजूला ठेवून माहिती देऊ शकतो.

तुम्ही दिलेली माहिती कुणी मागितली की ती द्यायची का, हे अधिकारी कलम ११ च्या नोटिशीने तुम्हाला विचारतो. ती नोटीस आली तर टेबलाच्या खणात टाकू नका. म्हणणं मांडायला १० दिवसच असतात, आणि ते नोटीस मिळाल्यापासून मोजतात. लिफाफा हातात पडल्याबरोबर त्यावर तारीख लिहा.