पहिली बॅच हातात घेण्याआधी: लवचिकता आणि व्यायाम शिकवण्याची तयारी

ट्रेनर व्हायचं ठरवलेली मुलं-मुली पहिला प्रश्न कोर्सचा विचारतात. कोर्स लागतोच, त्याबद्दल पुढे लिहिलंय. पण माझ्या यादीत पहिलं काम वेगळं आहे: माणूस हलताना बघायला शिकायचं. स्ट्रेचिंगचे पन्नास प्रकार मोबाइलवर कुणालाही मिळतात. समोरच्या माणसाचं नेमकं कुठे अडतंय ते मात्र त्याच्यासमोर उभं राहूनच शोधावं लागतं. ते न शोधता दिलेला ताण बहुतेक वेळा वाया जातो आणि कधी कधी दुखापतही करतो.

म्हणून कोर्सला नाव घालायच्या आधीपासूनच घरातल्या, सोसायटीतल्या वेगवेगळ्या वयाच्या माणसांना खाली बसायला, वाकायला, हात डोक्यावर न्यायला सांगा आणि नुसतं बघा. समोरून गुडघे बघा, बाजूने पाठ, मागून टाचा. एकाच जागी उभं राहून तिन्ही दिसत नाहीत, त्यामुळे माणसाभोवती फिरायची सवय आत्ताच लावून घ्या.

सुरुवात स्क्वॉटपासून करा. समोरच्याच्या टाचा खाली बसताना उचलल्या जातायत असं समजा. लगेच पोटरीचा स्ट्रेच सांगायचा मोह होतो, पण आधी तीन गोष्टी तपासा. त्याला भिंतीकडे तोंड करून एक पाऊल भिंतीजवळ ठेवायला लावा. टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा भिंतीला टेकतो का बघा, मग पाऊल थोडं थोडं मागे घेत, टाच न उचलता किती अंतरापर्यंत गुडघा टेकतो ते टेपने मोजा. पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण 10 सेंटीमीटरवर असताना गुडघा टेकत असेल तर घोट्याची फारशी अडचण नाही. दोन पायांत ठळक फरक निघाला तर कधी पाय मुरगळला होता का, ते विचारा. नंतर पाठीवर झोपवून दोन्ही गुडघे छातीशी घ्यायला सांगा. तिथे मांड्या सहज पोटाला लागल्या तर खुब्यातही जागा आहे. शेवटी चार-पाच किलोचं डंबेल छातीसमोर धरायला देऊन तोच स्क्वॉट पुन्हा करायला लावा. वजन पुढे आल्याबरोबर माणूस छान खाली बसला, तर त्याची लवचिकता ठीकच होती, तोल सावरायची सवय नव्हती. अशा माणसाला महिनाभर पोटरी ताणायला लावून आपण त्याचा वेळ आणि पैसा दोन्ही घेतो.

आणखी एक. तालमीतल्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलतातच, तो त्या प्रकाराचा भाग आहे. तालमीत वाढलेला पैलवान तुमच्याकडे आला तर त्याची बैठक ‘चुकीचा स्क्वॉट’ म्हणून मोडायला जाऊ नका. दोन्ही प्रकार वेगळे शिकवा.

दुसरी ठरलेली तक्रार म्हणजे ‘मला वाकून अंगठे धरता येत नाहीत’. इथेही मांडीच्या मागच्या स्नायूला, म्हणजे हॅमस्ट्रिंगला, परस्पर दोष देऊ नका. पाठीवर झोपवून एक पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलून बघा. पाय 80 अंशांच्या आसपास येत असेल तर हॅमस्ट्रिंग पुरेसा लांब आहे. मग उभं राहून वाकताना अडचण पाठीची आहे, नाहीतर खुब्यातून वाकायची सवयच नाही. पाय मध्येच थांबला आणि ओढ मांडीच्या मधोमध आली तर हॅमस्ट्रिंगवर काम करा. पण ओढ गुडघ्याखाली उतरली, मुंग्या आल्या, पाऊल स्वतःकडे ओढल्यावर ती आणखी वाढली, तर तो नसेचा ताण आहे. तिथे स्ट्रेच थांबवायचा आणि माणसाला फिजिओथेरपिस्टकडे पाठवायचं. हा फरक ओळखता येईपर्यंत कुणाच्याही पायाला हात लावून ताणू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

खुब्यातून वाकणं शिकवायला झाडूची दांडी पुरते. ती पाठीमागे उभी धरायला लावा, एक हात मानेमागे, दुसरा कमरेमागे. दांडी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या फऱ्यांमधली जागा आणि माकडहाड. आता गुडघे किंचित सैल ठेवून हिप्स मागे न्यायला सांगा. दांडी डोक्यापासून सुटली तर मान पुढे लोंबते आहे, माकडहाडापासून सुटली तर पाठ गोल होते आहे. माणसाला स्वतःलाच ते जाणवतं, तुम्हाला फार बोलावंही लागत नाही. डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं), जमिनीवरून सिलिंडर उचलणं, सगळं याच हालचालीवर उभं आहे, त्यामुळे या एका प्रकारावर भरपूर वेळ घालवा.

काही जण उलट्या टोकाचे असतात. ताठ गुडघ्यांनी तळहात जमिनीला सहज टेकतात, हाताचा अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला लागतो, कोपर आणि गुडघे उलट्या बाजूला झुकतात, करंगळी 90 अंशांपलीकडे मागे जाते. यासाठी 9 गुणांची बेटन चाचणी आहे. ती शिकून घ्या. मोठ्या माणसाला 5 किंवा जास्त गुण मिळाले तर सांधे मुळातच सैल आहेत. नृत्य किंवा जिमनॅस्टिक्समधून आलेल्या मुलींमध्ये हे पुष्कळदा दिसतं. त्यासुद्धा ‘अंग आखडलंय’ म्हणत येतात, पण त्यांना आणखी ताण नको, ताकद हवी. गरोदर बाईलाही टोकापर्यंत ताणायला लावायचं नाही.

अभ्यासाच्या वहीत स्नायूंची नावं असतीलच. त्यासोबत दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, ताण ओळखणारी दोन इंद्रियं, स्नायूतली स्पिंडल आणि स्नायूबंधातलं गॉल्जी इंद्रिय, काय काम करतात. झटके देऊन ताणल्यावर स्नायू उलटा का आवळतो ते त्यातून कळतं. दुसरी, काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगने वाढलेली लवचिकता बरीचशी ताण सहन करायची क्षमता वाढल्यामुळे असते, स्नायू लगेच लांब होत नाही. हे कळलं की घाई आपोआप सुटते. शिवाय पूर्ण पल्ल्यात केलेल्या ताकदीच्या व्यायामानेही लवचिकता वाढते, त्यामुळे ज्याला स्ट्रेचिंगचा कंटाळा आहे त्याला रोमानियन डेडलिफ्ट (खुब्यातून वाकत वजन खाली नेणं) आणि खोल लंजेस (एक पाऊल पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जाणं) द्या.

आकडे तोंडपाठ हवेत. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची शिफारस अशी: स्थिर ताण 10 ते 30 सेकंद धरायचा, वयस्करांसाठी 30 ते 60 सेकंद, एका स्नायूगटाला एकूण 60 सेकंद मिळतील इतक्या वेळा, आठवड्यातून किमान दोन ते तीन दिवस. सेकंद घड्याळावर मोजा. तोंडाने भराभर मोजलेले तीस प्रत्यक्षात पंधराच भरतात. वजन उचलण्याआधी एकाच स्नायूला 60 सेकंदांपेक्षा जास्त स्थिर ताण दिला तर जोर तात्पुरता कमी होतो, म्हणून आधी हलत्या हालचाली आणि लांब स्ट्रेच शेवटी. स्ट्रेचिंगने दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं फारसं कमी होत नाही, तेव्हा तसं आश्वासन देऊ नका.

आपल्याकडे बॅच सहाला असते, लोक अंथरुणातून उठून थेट येतात. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्यांनी पाणी शोषलेलं असतं आणि वाकल्यावर त्यांच्यावर जास्त ताण येतो. सकाळच्या बॅचची सुरुवात पुढे वाकण्याने करू नका. आधी चालणं, खांदे-खुबे फिरवणं, भिंतीशी हलके पुशअप्स. सूर्यनमस्कार घ्यायचे असतील तर पहिले काही सावकाश, गुडघे वाकवून. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना पाठ गोल करून वाकायला लावायचं नाही, मग बॅच कुठलीही असो.

पीएनएफ (प्रोप्रिओसेप्टिव्ह न्यूरोमस्क्युलर फॅसिलिटेशन) हा जोडीदाराच्या मदतीने ताणायचा प्रकार शिकायला हवा, पण उशिरा. 1940च्या दशकात डॉक्टर हर्मन कॅबट यांनी तो रुग्णांच्या पुनर्वसनासाठी विकसित केला. व्यायामात तो असा वापरतात: माणूस 3 ते 6 सेकंद तुमच्या हाताविरुद्ध ढकलतो, मग सैल सोडतो आणि तुम्ही 10 ते 30 सेकंद ताण देता. ढकलताना पूर्ण जोर लावायचा नाही. अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली सहकाऱ्यावर भरपूर सराव झाल्यावरच मेंबरवर वापरा.

शिकवण्याची तयारी वेगळी करायची. प्रत्येक प्रकार एकदा न बोलता पूर्ण करून दाखवा, मग सावकाश, दोनच सूचना देत. त्यानंतर त्यांना करू द्या आणि एका वेळी एकच चूक सुधारा. एका दमात ‘पाठ सरळ, पोट आत, गुडघे बाहेर, मान वर’ सांगितलंत तर माणूस गोठतो. सूचना अंगाबाहेरच्या वस्तूला जोडली की हालचाल लवकर बसते, माणूस हालचाल कशी शिकतो याचा अभ्यास करणाऱ्या गॅब्रिएल वुल्फ यांच्या संशोधनातून हे वारंवार दिसलंय. ‘मांडीचे स्नायू आवळा’ऐवजी ‘जमीन खाली ढकला’, ‘हिप्स मागे’ऐवजी ‘मागच्या भिंतीला टेका’. अशा सूचना आपल्या रोजच्या भाषेत आधी लिहून काढा आणि मोठ्याने म्हणून बघा. वर्गाकडे तोंड करून शिकवताना ‘उजवा हात’ म्हणत स्वतःचा डावा उचलायचा असतो. हे आरशासमोर इतकं घोटा की विचार करावा लागू नये.

हात लावण्याआधी विचारा, प्रत्येक वेळी. ‘काकू, खांद्याला हात लावून दाखवू का?’ एवढं पुरतं. नको म्हणाल्या तर दांडीने किंवा स्वतः करून दाखवा. साडी किंवा पंजाबी ड्रेसमध्ये येणाऱ्या, जमिनीवर बसता न येणाऱ्या लोकांसाठी प्रत्येक प्रकाराची खुर्चीवरची आवृत्ती तयार ठेवा. त्यांना मागच्या रांगेत उभं करून सोडून देऊ नका.

पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून आरोग्याची प्रश्नावली भरून घ्या. पीएआर-क्यू प्लस ही सर्वत्र वापरली जाते, तिच्या पहिल्या पानावर 7 प्रश्न असतात. प्रश्न मराठीत वाचून दाखवा, कारण फॉर्म न वाचता सगळीकडे ‘नाही’वर खूण करणारे पुष्कळ. रक्तदाब असेल तर श्वास रोखून जोर लावू द्यायचा नाही. मधुमेह असेल तर खांदा आखडलाय का बघा, त्यांच्यात फ्रोझन शोल्डरचं प्रमाण जास्त असतं. छातीत दुखणं, चक्कर, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असं काही निघालं तर आधी डॉक्टर. निदान करणं आपलं काम नाही.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला श्वास देणं, प्रत्यक्ष पुतळ्यावर शिका. मोठ्या माणसाला मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली किमान 5 सेंटीमीटर पण 6च्या वर नाही, 30 दाबांमागे 2 श्वास. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108. जिथे बॅच घेणार तिथला पूर्ण पत्ता भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. घाबरलेल्या माणसाला फोनवर पत्ता आठवत नाही.

आता कोर्स. एसीई, एनएएसएम आणि एसीएसएम (वर आलेलं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन) या अमेरिकन संस्थांच्या ट्रेनरसाठीच्या परीक्षा जगभर मान्य आहेत. त्यांना 18 वर्षं पूर्ण आणि सीपीआरचं प्रमाणपत्र लागतं. खर्च बराच येतो. भारतात क्रीडा आणि फिटनेससाठीच्या कौशल्य परिषदेचे फिटनेस ट्रेनरचे अभ्यासक्रम आहेत, योग शिकवायचा असेल तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आणि लोणावळ्याचं कैवल्यधाम 1924 पासून आहे. एकदा जाऊन तिथलं शिकवणं बघून या. कुठलाही कोर्स निवडताना एकच विचारा: परीक्षेआधी खऱ्या माणसांवर किती तास शिकवायला मिळेल?

सामान थोडकं लागतं. मॅट, दांडी, टेप, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, बिनहाताची भक्कम खुर्ची, दोन लाकडी विटा, एक लांब पट्टा. पट्टा नसेल तर जुनी सुती ओढणी. विटा, पट्टे, खुर्च्या वापरून आखडलेल्या माणसालाही आसनात आणायची पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात घडवली, ती शिकण्यासारखी आहे.

राहिली वही. प्रत्येकाचं एक पान: भिंतीपासूनचं अंतर डाव्या-उजव्या पायाचं, झोपून पाय किती उचलला, दुखणं कुठे. बसून पुढे हात नेण्याची चाचणी वेल्स आणि डिलन यांनी 1952 मध्ये मांडली, अजून चालते. पण हात-पाय किती लांब यावर तिचा निकाल हलतो, म्हणून एकाची दुसऱ्याशी तुलना करू नका. सहा ते आठ आठवड्यांनी त्याच वेळी, तेवढाच वॉर्म-अप करून पुन्हा मोजा. आकडा हलला नसेल तर तोच स्ट्रेच जास्त वेळ देऊ नका, पुन्हा पहिल्यापासून तपासा की अडलंय नेमकं कुठे.